मोठ्यानं वाचलेली नावं

गणपती उठले की लातुरात आठ-दहा दिवस शांतता असते, असं मी म्हटलं तर इथली पोरं मला वेड्यात काढतील. शांतता कुठली? याच दिवसांत क्लासेसच्या टेस्ट सिरीज सुरू होतात. सकाळी सहाला रस्ते सायकलींनी आणि स्कूटींनी भरून जातात. पोह्यांच्या गाड्यापुढे मुली एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात सूत्रांची चिठ्ठी धरून उभ्या असतात. शहराच्या कडेला सोयाबीनची रास चालू असते आणि तिचा खाजरा धुरळा वारं असेल तसा आत येतो. पण माझ्या वयाच्या माणसांना विचारा. आम्ही या दिवसांत बोलता बोलता थांबतो. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी आधी छताकडं बघतो, मग दाराकडं.

त्यात परतीचा पाऊस येतो. मागच्या अंगणात मोरीवर पत्रा आहे. त्यावर थेंब वाजायला लागले की माझा आवाज आपोआप चढतो. सून म्हणते, "आई, मी इथं शेजारीच उभी आहे." ती बिचारी काय करणार. तिला वाटतं म्हातारीला ऐकू येईनासं झालं. मला चांगलं ऐकू येतं. पत्र्याखाली उभं राहून मोठ्यानं बोलायची सवय मला त्या वर्षी लागली, ती गेली नाही.

त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांची होते आणि लातूरच्या दक्षिणेकडच्या एका गावात जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. भूकंपाची ती पहाट मी इथं लिहिणार नाही. ज्यांना लिहायची त्यांनी लिहिली आहे. मला आठवतं ते त्यानंतरचं: ब्लीचिंग पावडरचा वास, दगडांच्या ढिगात भिजून फुगलेली पुस्तकं, आणि थांबायचं नाव न घेणारा पाऊस. शाळा उरली नव्हती, म्हणून आम्हा शिक्षकांना याद्या करायला बसवलं. कुणाचं घर पडलं, कुणाचं कोण गेलं, मागं कोण राहिलं. माझं अक्षर बरं होतं. आवाज तर असा होता की हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुम्ही हजेरी घेतली की शेजारच्या गावची पोरं 'हजर' म्हणतात.

तिथंच आपा भेटल्या. चौथ्या दिवशी लातुरातून भाकरी आणि कपडे घेऊन एक ट्रक आला, त्यातून उतरल्या आणि परत गेल्याच नाहीत. गोलाईच्या मागं त्यांच्या नवऱ्याचं जिल्दसाजीचं दुकान होतं. वह्या, रजिस्टरं, फाटकी कुराणं आणि फाटक्या पोथ्या, सगळ्यांना तिथं पुठ्ठा लागायचा. आपांच्या बोटांना कायम खळीचा वास असायचा. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, शिक्षण सातवीपर्यंतचं, आणि कुठल्याही साहेबापुढं खुर्ची ओढून बसायची धमक.

त्यांचं म्हणणं साधं होतं. यादी तयार झाली की ती वर जाण्याआधी तात्पुरत्या उभारलेल्या पत्र्याच्या शेडात सगळ्यांपुढं वाचायची. ज्याचं नाव येईल त्यानं 'हाय' म्हणायचं. तो तिथं नसेल तर शेजाऱ्यानं म्हणायचं. गेलेल्यांची नावंही आम्ही वाचायचो. तिथं मागं राहिलेलं माणूस म्हणायचं, 'व्हता.' किंवा, 'व्हती.'

"मोठ्यानं वाच, बाई," आपा म्हणायच्या. "कागद भिजतो, गायब होतो, कुणी बदलून बी टाकतो. चाळीस माणसांच्या कानावर पडल्यालं कोण बदलणार?"

पत्र्यावर पाऊस आणि त्याच्यावर माझा आवाज. एकदा वरून टाइप होऊन आलेली यादी मी वाचत होते आणि एका ठिकाणी गर्दी हलली. मागून एक बाई म्हणाली, "बाई, पारू राह्यली." पारूबाई नावाची विधवा होती. तिच्या दिरानं कुणालातरी सांगितलं होतं की ती माहेरी निघून गेली. पारूबाई तिथंच उभी होती, डोक्यावर पोतं घेऊन, आणि तिला स्वतःला तोंड उघडायचं धाडस नव्हतं. पण आधीच्या वाचनात तिचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं. दिराच्या तोंडावर सगळं शेड म्हणालं, "तिचं नाव व्हतं. आमी ऐकलंय." यादी घेऊन आलेल्या कारकुनाला खिशातलं पेन काढून ते नाव लिहावं लागलं. मी पुन्हा वाचलं, आणि पारूबाईनं एवढ्या हळू 'हाय' म्हटलं की आपांनी तिला तीनदा म्हणायला लावलं.

त्या दिवसानं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की केली. नाव लपलं की माणूस गेला, नाव सगळ्यांपुढं आलं की माणूस वाचला. पुढं नोकरीभर मी याच भरवशावर वागले. आपा आणि मी मिळून किती जणींच्या तक्रारी घेऊन कुठं कुठं गेलो. मुखेडच्या बाजारात एकदा वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव मी उभ्या बाजारात वाचलं होतं. आपा माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही माझी लाऊडस्पीकर." मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

शेडं गेली, सिमेंटची घरं आली, आणि लातूर बघता बघता परीक्षेचं गाव झालं. चौकाचौकात फलक लागले. त्यावर मुलांचे फोटो, नावं, गुण. इथंही नावं मोठ्यानंच. ज्यांची त्या फलकावर येत नाहीत ती मुलं संध्याकाळी त्याच फलकाखालून डबा घेऊन खोलीवर जातात. कॉट बेसिसच्या खोल्या, एका खिडकीत वाळणारे चार मुलींचे कपडे. आपांच्या दुकानातही जिल्द मागं पडली आणि स्पायरल बायंडिंगचं मशीन आलं. नवरा वारल्यावर दुकान आपाच बघायच्या. क्लासच्या नोट्स बांधायला मुली यायच्या, आणि मशीन चालू असताना आपा प्रत्येकीला विचारायच्या, "खाल्लं का गं लेकरा?" एवढ्या एका प्रश्नावर मुली काय काय सांगून जातात, ते तिथं बसल्याशिवाय कळायचं नाही.

मनीषा अशीच आली. किनवटकडच्या जंगलातल्या गावची, दहावीपर्यंत आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिलेली, डॉक्टर व्हायचं म्हणून बापानं लातूरला पाठवलेली. जीवशास्त्राच्या नोट्सचा गठ्ठा तिनं काउंटरवर ठेवला आणि गेलीच नाही. शेवटी म्हणाली, "आपा, आमच्या हॉस्टेलात क्यामेरा लावलाय. बाथरूमच्या वाटंवर. केस धुवून आलो की डोकं खाली घालून पळावं लागते."

"मालकाला सांगितलं का?"

"हाव. तुमच्याच सेफ्टीसाठी हाय म्हणते. पण ते मालकाच्या पुतण्याच्या मोबाइलवर दिसते. आम्ही पाह्यलं."

मुलींनी जास्त बोलायची सोय नव्हती. प्रवेश घेतानाच त्यांची मूळ गुणपत्रकं आणि दाखले हॉस्टेलच्या ऑफिसनं 'जमा' करून घेतले होते. आपांनी पंधरा दिवसांत एकेकीशी बोलून तक्रारीच्या अर्जावर अकरा मुलींच्या सह्या घेतल्या. पहिली सही मनीषाची. कागदाचा फोटो काढून आपल्या फोनमध्ये ठेवला आणि मुलींना शब्द दिला की नावं फक्त तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात जातील, दुसऱ्या कुणाच्याही नाही.

त्याच सुमाराला नांदेडला एक शिबिर झालं होतं. लोकांसाठी भांडणाऱ्यांनी फोन कसा वापरावा, याचं. आपांनी मला ओढत नेलं. शिकवणारी मुलगी पंचविशीतली असेल. नावं आणि तक्रार वेगवेगळी ठेवा, सह्यांचे फोटो पाठवू नका, तुमच्या फोनचं कुलूप दुसऱ्याला सांगू नका. मी अर्धा वेळ पेंगले आणि अर्धा वेळ टोमणे मारले. शेवटी उठून म्हटलं, "बाळ, आम्ही भूकंपात नावं वाचून माणसं वाचवली. तू जन्मली बी नव्हतीस." सगळे हसले. ती पोरगी रागावली नाही. म्हणाली, "बाई, शेडमध्ये कोण ऐकतंय ते तुम्हाला दिसत होतं. फोनवर दिसत न्हाई." दुपारच्या जेवणात अर्धापूरची केळी होती, ती फार चांगली होती, हे मला नीट आठवतं. तिचं बोलणं मात्र नको तेव्हा आठवलं.

गणपती उठले होते. आपांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी लागली. त्याआधी त्या अर्ज घेऊन दोनदा कचेरीत जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा साहेब मीटिंगला. मला दम निघेना. आपा खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि त्यांचा फोन माझ्याकडं होता, कुलूप मला माहीत होतं. पालकांचा एक मोठा ग्रुप होता, दोनेकशे माणसं असतील. मी कागदाचा फोटो तिथं टाकला आणि खाली लिहिलं, 'या अकरा मुलींच्या पाठीशी उभे राहा.'

हे मी आपांना न विचारता केलं. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. पाच मिनिटांत अंगठे आले, जोडलेले हात आले. मला शेड आठवलं. आता बघू कोण नाव खोडतो, असं मनात म्हणत मी चहा टाकायला गेले. बाहेर बारीक पाऊस होता.

त्या ग्रुपमध्ये हॉस्टेलच्या मालकाचा पुतण्याही होता. का नसावा? त्याचीही मुलगी शिकत होती. दुपारपर्यंत तोच फोटो दुसऱ्या ग्रुपांतून फिरून परत आला. खालचं माझं वाक्य गेलं होतं आणि मुलींबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. संध्याकाळी मुलींना एकेक करून ऑफिसात बोलावलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांचे फोन सुरू झाले. दहा जणींनी लिहून दिलं की न वाचता सही केली. मनीषानं दिलं नाही. तिला खोली सोडायला सांगितलं.

तिचा बाप एसटीनं आला. किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर. पायात चिखलाच्या चपला, खांद्यावर गमछा. आपा डोळ्याला पट्टी बांधून, माझा दंड धरून हॉस्टेलच्या फाटकापाशी गेल्या. मनीषाची गादी गुंडाळून रस्त्यावर ठेवली होती. शेजारी बादली, बादलीत मग आणि पुस्तकं. मी बादली उचलली.

बाप ओरडला नाही. म्हणाला, "आपा, पोरीनं तुमच्यावर इश्वास ठिवला व्हता."

आपा म्हणाल्या, "माझ्या फोनवरनं गेलं, भाऊ. कसूर माझा हाय."

मी बादली धरून उभी होते. शेजारच्या गावाला ऐकू जाणारा माझा आवाज कुठं गेला, कोण जाणे. एक वाक्य बोलायचं होतं. मनीषानं आपांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, माझ्या हातातली बादली घेतली आणि रिक्षात बसली.

परत येताना आपा एवढंच म्हणाल्या, "तू गप राह्यली ते बरं झालं. दोघी बुडण्यापेक्षा एक बुडलेली बरी." त्यांनी मला तिथंच सोडवलं, आणि मी सुटून घेतलं.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. आपांच्या फोनवर रोज घाण यायची. ही कोण आमच्या मुलींच्या भानगडीत पडणारी, हिचं नाव बघा आधी, अशी. ज्या गावात जन्म गेला तिथं कुणीतरी त्यांना विचारलं की तुम्ही मूळच्या कुठल्या. मुलींची नावं फोडली म्हणून उलटी तक्रार आपांवरच झाली. ती खोटी होती असं मला म्हणता येत नाही. चौकशीसाठी आपांचा फोनच जमा करून घेतला. पंचवीस वर्षांत ज्या ज्या बायकांनी आपांना मन उघडून सांगितलं होतं, त्यांतल्या कितीतरी जणींचे निरोप त्या फोनमध्ये होते. बातमी पसरली तशा त्या एकेक गप्प झाल्या. कुणी भांडलं नाही. फक्त दुकानात येणं थांबलं.

पुढच्या उन्हाळ्यात हॉस्टेलातला कॅमेरा गुपचूप हलला. कागदपत्रं जमा करून घेणंही बंद झालं म्हणे. याचं समाधान मानावं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. मनीषानं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. नंतर ती नर्सिंगला गेली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी रोज आपांकडं जाते. आता त्यांचं हृदय दमलंय, उठून दुकानात येववत नाही, म्हणून दुपारी काउंटरवर मी बसते. परवा, गणपती उठल्याच्या तिसऱ्या दिवशी, एक मुलगी नोट्स घेऊन आली. बांधून झाल्या, पैसे दिले, तरी उभीच. ते उभं राहणं मी ओळखलं.

मी विचारलं, "खाल्लं का गं?"

ती म्हणाली, "इथं त्या आपा असत्यात का?"

"हायेत. घरी हायेत. नेऊ का तिकडं?"

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "न्हाई, नको. आपांकडनं नाव बाहेर जाते म्हणतेत." आणि पावसातच निघून गेली. तिला काय सांगायचं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही. मी मशीनपाशी बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी चूक सहा वर्षांपूर्वी झाली. ती तर रोज दुकानाच्या दारात उभी होती.

त्याच दिवशी मी मनीषाचा नंबर मिळवला आणि संध्याकाळी आपांच्या घरातूनच लावला. ती किनवटकडंच एका दवाखान्यात नोकरी करते. मी सगळं सांगितलं, बादलीपर्यंत. पलीकडं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. ती म्हणाली, "बाई, मला वाटायचं आपांनी केलं. त्यांचे दोन फोन आले, मी उचलले न्हाईत. ईदला मेसेज आला, तो बी वाचला न्हाई."

मी माफी मागितली.

"माफीचं राहू द्या. तुम्ही सांगायला सहा वर्षं लावली." मग म्हणाली, "आपा बोलू शकतेत का?"

मी आपांच्या कानाला फोन लावला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. एवढं शिकले आहे. फोन परत माझ्या हातात आला तेव्हा मी तिला म्हटलं की हे सगळं मी लिहून काढणार, त्याच पालकांच्या ग्रुपवर टाकणार, दुकानाच्या दारावर लावणार. तुझं चालेल का?

"लिहा," ती म्हणाली. "माझं नाव बदला."

म्हणून वर मनीषा लिहिलंय. तिचं नाव मनीषा नाही. गाव किनवटकडचं, म्हणजे नेमकं कुठलं, तेही मी सांगणार नाही. उरलेल्या दहा जणींपैकी एकीचंही नाव मी लिहिलेलं नाही, आणि ती अकरा नावं मला अजून क्रमानं पाठ आहेत. पूर्वीची मी असते तर म्हणून दाखवली असती.

काल संध्याकाळी लिहून झालं. कागद घेऊन आपांकडं गेले. पाऊस लागला होता, त्यांच्या पडवीच्या पत्र्यावर वाजत होता. म्हटलं, "आपा, तुमचं नाव लिहू का नको? लोक पुन्हा बोलतील."

"माझं पुरं लिही," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "लेकरांची झाकायची, आपली उघडी ठेवायची. एवढंच तर करून राह्यलो आपण जिंदगीभर. वाच आता. मोठ्यानं वाच, पत्रा वाजून राह्यला."

मोकळ्या सोडलेल्या ओळीत मी ते लिहिलं आणि वाचायला लागले. "शहनाज बेगम, जिल्दवाली."

"हाय," आपा म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शेडमधलाच.

दुसरं नाव त्याखालीच होतं. मुलींची नावं आपांना न विचारता कुणी पाठवली, आणि फाटकापाशी गप्प कोण राहिलं, ते त्याच्यापुढं लिहिलं होतं. "सुलोचना, शिक्षिका," मी वाचलं, आणि सगळं वाचलं. मग थांबले.

आपांनी डोळे उघडले. त्या ऐकत होत्या, आणि या वेळी माझ्यासाठी शेजारी म्हणून त्या बोलणार नव्हत्या.

"हाय," मी म्हटलं.

"ऐकू न्हाई आलं, बाई," आपा म्हणाल्या. "अजून दोनदा म्हण."